ती ओळ मी लिहिली होती, नदीम

तुला जाऊन आज बावीस दिवस झाले आणि मी अजून तुझ्याशी भांडतेच आहे. सकाळी दुकानाचं शटर वर करताना, गिऱ्हाइकाचं आधार कार्ड स्कॅनरवर ठेवताना, कुकर लावताना. फक्त 'मेल्या' म्हणता येत नाही. शाळेपासून तुला हाक मारायची ती तशीच, आणि तूही 'काय ग भवाने' म्हणून ओ द्यायचास. आता तो शब्द तोंडाशी येतो आणि मी गिळते. दुसऱ्या कुणाला तसं म्हणावंसंही वाटत नाही.

लोक सांगतात, रडून मोकळी हो. न रडायला मला काय धाड भरलीय, रडतेच आहे. पण मोकळं व्हायचं तर तुला एक गोष्ट सांगायला हवी होती. गेल्या दिवाळीनंतरच्या त्या कार्डांच्या स्पर्धेचा जो रिपोर्ट गेला, त्यात शेवटी एक ओळ होती. त्या ओळीमुळे तुला सहा महिने खेळायला बंदी झाली. तू सगळ्यांना सांगत फिरलास की ती खेळ चालवणाऱ्या वरच्या लोकांनी आपल्या मनाने लावली. ती मी लिहिली होती. आधी तू चिडशील म्हणून बोलले नाही, मग तू आजारी पडलास म्हणून गप्प बसले, आणि मग तू गेलासच.

आपलं हे सगळं सुरू झालं तुझ्या मामूंच्या बॅगेतून. मामू कुवेतहून आले की रेवदंड्याला तुमच्या ओटीवर अर्धी आळी जमायची. सगळ्यांना साबण, खजूर, अत्तराच्या बाटल्या, आणि त्या वर्षी तुला ते खोकं, साठ कार्डांचं. वर राक्षस, जादूगार, किल्ले आणि खाली मुंगीएवढं इंग्रजी. ते काय आहे हे मामूंनाही माहीत नव्हतं, तिथल्या दुकानदाराने गळ्यात मारलं होतं. आपण आठवीत होतो. मी तळा गावाहून शिकायला मावशीकडे येऊन राहिलेली, वर्गात कुणाशी बोलायची नाही. तू ते खोकं माझ्या बाकावर आपटलंस आणि म्हणालास, "तुझं इंग्रजी चांगलंय म्हणतात. हे वाच." माझं इंग्रजी कसलं चांगलं. पण तू म्हणालास म्हणून मी महिनाभर डिक्शनरी घेऊन ते नियम उलगडत बसले, आणि त्या महिन्यात मला रेवदंड्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

तुझ्या अम्मीला वाटायचं आपण जुगार खेळतो. "पत्ते म्हंजे पत्ते," ती म्हणायची, "घरात नको." तू तिला समजावलंस ते मी अजून नव्या पोरांना तसंच सांगते. अम्मी, हे बुद्धिबळ समज, फक्त सोंगट्या ज्याने त्याने आपल्या घरून आणायच्या. दोघं समोरासमोर बसतात, दोघांकडे आपापला गठ्ठा. पाळी आली की वरचं एक कार्ड उचलायचं, एकच, आणि हातातलं एखादं टाकून समोरच्याला घायाळ करायचं. पैशाचा संबंध नाही. अम्मी ऐकून म्हणाली, "पैशे नाय तर भांडता कशाला येवढे?"

भांडायचो खरं. ओटीवर खेळताना माझ्या हातून चुकून दोन कार्डं उचलली गेली की तू म्हणायचास, ठेव एक परत, चल पुढे. तुझ्या हातून झालं की मी म्हणायचे, हरलास तू, नियम म्हणजे नियम. तू हसायचास. "चुकलो ग. चोरी थोडीच केली." मी म्हणायचे, बाहेरून बघणाऱ्याला चूक आणि चोरी सारखीच दिसते. त्यावर तू एकदा म्हणालास, "मग बाहेरून कशाला बघतेस, आत ये की." तेव्हा मी तुझ्या पाठीत धपाटा घातला होता. वीस वर्षं आपण हेच भांडण वेगवेगळ्या तोंडाने भांडलो, आणि मला वाटायचं मी जिंकतेय.

मी ह्या खेळाच्या स्पर्धांची जज व्हायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात जास्त तूच हसलास. वैशाली आणि न्याय. ऑनलाइन परीक्षेत दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा तू रात्रंदिवस फोनवर प्रश्न विचारून माझी उजळणी घेतलीस. पास झाले तसा अलिबागेतून काळा शर्ट आणलास, दोन नंबर मोठा, आणि म्हणालास, अंगाने नाही तरी मानाने भरेल. अलिबाग ते पनवेलच्या पट्ट्यात दुसरा जज नव्हताच. महिन्यातून एकदा लग्नाच्या हॉलचं खालचं जेवणाचं दालन आपण भाड्याने घ्यायचो, पंगतीच्या टेबलांवर पांढरा कागद पसरायचो, आणि आदल्या दिवशीच्या मठ्ठ्याच्या वासात पंचवीस-तीस माणसं राक्षस लढवायची.

मला ते काम फार आवडायचं, नदीम. कुणाचा हात वर झाला की जायचं. आधी दोघांना हात टेबलावरून काढायला लावायचे. मग ज्याच्याकडून चूक झाली त्याला विचारायचं, काय झालं. मग समोरच्याला. 'मुद्दाम केलंस का' असं विचारायचं नाही, कारण त्याला उत्तर एकच येतं. जादा कार्ड उचललं गेलं असेल तर समोरचा त्याच्या हातातली कार्डं बघतो, एक निवडतो, ते गठ्ठ्यात परत जातं, गठ्ठा पिसायचा, खेळाडूला वॉर्निंग द्यायची आणि पुढे खेळायला सांगायचं. वॉर्निंग ही शिक्षा नाही, नोंद आहे. एका दिवसात तीच चूक तिसऱ्यांदा झाली तर मात्र तो डाव गेला, चुकून झाली असली तरी गेला. आणि मुद्दाम केलंय अशी जजची खात्रीच पटली तर माणूस स्पर्धेच्या बाहेर. माझ्या दुकानात रोज माणसं येतात, फोटोच्या मागचा रंग पांढरा नाही म्हणून फॉर्म परत आलेला असतो. तिथे त्यांना कुणी विचारत नाही, बाबा काय झालं. आपल्या त्या जेवणाच्या हॉलमध्ये निदान विचारत होते. मी विचारत होते. मला त्याचा गर्व होता.

पनवेलचं आठवतं ना. समोरच्या माणसाचं एक कार्ड असं होतं की दर पाळीला त्याचंच नुकसान व्हायचं, आणि तो ते करायला विसरत होता. तुला दिसत होतं. तू बोलला नाहीस. शेजारच्या टेबलावरच्या कुणीतरी हात वर केला आणि मी आले. त्याला वॉर्निंग, विसरला म्हणून. तुलाही वॉर्निंग, सांगितलं नाहीस म्हणून, कारण डाव सरळ ठेवायची जबाबदारी दोघांची असते. परत येताना एसटीत तू पेणपर्यंत माझं डोकं खाल्लंस. "म्हणजे चांगुलपणालाही वॉर्निंग?" मी म्हटलं, चांगुलपणाला नाही, गप्प बसण्याला. तू म्हणालास, तो बिचारा घाबरलेला होता, पहिलीच स्पर्धा, त्याचं विसरणं दाखवून मी जिंकू काय. मी म्हटलं, तू जज नाहीस. तू म्हणालास, अल्लाचा शुकर. पुढे वडखळला उतरून दोन वडापाव आणलेस आणि मोठा मला दिलास.

आता मी गेल्या वर्षाकडे परत परत जाते. गेल्या पावसाळ्यात माझा फोन चार्ज होईना म्हणून तुझ्या दुकानात आले होते. रेवदंड्याच्या बाजारात तुझ्यासारखा हात कुणाचा नव्हता. कोळ्यांचे खाऱ्या पाण्यात पडलेले, मासळीचा वास मारणारे फोन तू उघडून ब्रशने धुवायचास आणि जिवंत करून द्यायचास. माझा साधा चार्जिंगचा सॉकेट, अर्ध्या तासाचं काम. तू तीन आठवडे लावलेस. पार्ट आला नाही म्हणालास. तो डबीत समोर पडलेला मला दिसत होता. तुझ्या हातून तो तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू दोनदा निसटला, तिसऱ्यांदा तू शोधलाच नाहीस. आणि तर्जनीवर भला मोठा फोड होता. "कधी भाजलं?" म्हटलं तर म्हणालास, "कळलंच नाही ग. संध्याकाळी बघितलं तेव्हा दिसलं." मी म्हटलं, लक्ष कुठे असतं तुझं, लग्न कर एकदाचं. एवढं बोलून मी घरी जायला चौलच्या गाडीत बसले. सोल्डरिंगची सळई बोटाला लागते आणि माणसाला कळत नाही, हे मी ऐकलं आणि त्यावर विनोद केला.

मग दिवाळीनंतरचा तो रविवार. जिंकणारा पुण्याला मोठ्या स्पर्धेला जाणार होता आणि तू महिनाभर घोकत होतास, यंदा पुणं. दुसऱ्या राउंडला तुझ्या टेबलावर हात वर झाला. तू दोन कार्डं उचलली होतीस. वॉर्निंग दिली, पुढे गेलो. चौथ्या राउंडला पुन्हा तेच. मी तुझ्याकडे डोळे वटारून बघितलं, तू खांदे उडवलेस. मग सेमीफायनल, पनवेलचा सौरभ, चांगला सज्जन इंजिनीयर. एक डाव त्याचा, एक तुझा, तिसरा चालू. त्याने हात वर केला तेव्हा त्यालाच कसनुसं झालं होतं. "मॅडम, यांनी परत दोन घेतली."

मी तुला बाजूला घेऊन गेले, हात धुवायच्या बेसिनांपाशी. सगळा हॉल बघत होता. आणि मला खरं सांगू का, त्या क्षणी मला तू दिसत नव्हतास, हॉल दिसत होता. सगळ्यांना माहीत होतं आपण कोण. वैशाली नदीमला वाचवणार, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं मला वाचता येत होतं, निदान तसं मला वाटत होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"दोन आली."

"कशी?"

"कळलंच नाही, वैशे. माझ्या हाताला एकच लागलं."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा." तू अंगठ्याने ती दोन बोटं चोळत होतास. सारखी चोळत होतास, काहीतरी चिकटलेलं काढावं तशी.

पुढचा प्रश्न तिथेच होता. हाताला काय झालंय. तीन शब्द. अनोळखी माणूस असता तर मी विचारला असता, शप्पथ सांगते, कारण शिकवतातच तसं, उत्तर अर्धवट वाटलं तर आणखी एक प्रश्न विचारा. तुला विचारला नाही. तुला मी वीस वर्षं ओळखते म्हणून मला वाटलं, हा बोटं चोळतोय म्हणजे ह्याच्या मनात काहीतरी आहे. आणि मी काय विचारलं? "पुण्याला जायचंच होतं ना तुला?"

तू बोटं चोळायचं थांबवलंस. "म्हणजे?"

"काही नाही. तिसरी वेळ आहे. डाव गेला."

"बरोबर आहे," तू म्हणालास. टेबलाशी गेलास, सौरभशी हात मिळवलास. तो सॉरी भाऊ म्हणाला तर म्हणालास, तू कशाला सॉरी, चूक माझी. मग पायजम्याला हात पुसत अम्मीसाठी फरसाण घ्यायचंय म्हणून निघून गेलास. फायनल संपेपर्यंतही थांबला नाहीस. तू कधीच असा गेला नव्हतास.

डाव गेला इथपर्यंत माझं काही चुकलं नाही. हे मी कुणाहीसमोर सांगेन. तिथे थांबले असते तर आज नुसती रडले असते. पण घरी येऊन रिपोर्ट लिहायला बसले आणि शेवटी लिहिलं: तिन्ही वेळा जादा कार्डाचा खेळाडूला फायदा होत होता, चूक मुद्दाम केली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. चौथ्या राउंडचं ते कार्ड तुझ्या काडीच्या उपयोगाचं नव्हतं, मी स्वतः बघितलं होतं. तरी 'तिन्ही वेळा' लिहिलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला निःपक्षपाती दिसायचं होतं. पाठवल्यावर मला बरंसुद्धा वाटलं. स्वतःच्या मित्रालाही सोडलं नाही म्हणून.

महिन्याभराने तू माझ्या दुकानात आलास, फोन पुढे केलास. "हे बघ काय पाठवलंय." सहा महिने बंदी. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, कुणीतरी चुकून दुसऱ्याची चिठ्ठी तुझ्या हातात दिल्यासारखा तू बघत होतास. "तू लिहिलंस का काही?" असं विचारलंस. मी म्हटलं, "मी झालं तेवढं लिहिलं." तू लगेच मान हलवलीस. "तेच म्हटलं. वरच्यांनी आपल्या मनाने लावलंय. तू सांगून बघितलंस ना त्यांना?" समोर एका काकांचा रेशनचा फॉर्म होता. मी त्यात डोकं घातलं आणि म्हटलं, "बघते." तू चहा न घेता गेलास, आणि मला हायसं वाटलं.

त्यानंतर तू खेळायला आला नाहीस ते ठीकच, बंदीच होती. पण बघायलाही आला नाहीस. फोन कमी झाले. मला वाटायचं तुला कळलंय आणि तू रुसलायस. मी मुद्दाम फोन करायची नाही. चार महिने, नदीम. चार महिने तुझ्या डोक्यात गाठ वाढत होती आणि मी मानपान सांभाळत बसले होते.

मार्चमध्ये अम्मीचा फोन आला. तुला शर्टाची बटणं लावता येत नव्हती, ती लावून देत होती आणि तू कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होतीस. मग चौलच्या वळणावर स्कूटर घेऊन पडलास तेव्हा मुंबईला नेलं. डोक्यात डाव्या बाजूला गाठ, उजव्या हाताची जाण तिनेच आधी नेली होती. डॉक्टरांनी विचारलं, आधी काही जाणवलं का, वस्तू हातातून पडणं, भाजलेलं न कळणं, एकाऐवजी दोन गोष्टी उचलल्या जाणं. मी तिथेच बाकावर बसले होते. ते अम्मीला विचारत होते. अम्मी म्हणाली, नाय, असा काय आमाला दिसला नाय. तिला कसं दिसणार होतं. मला दिसलं होतं. मी तारीख, वार, राउंडसकट लिहून ठेवलं होतं. ह्या पृथ्वीवर तुझ्या आजाराची लेखी नोंद असलेली मी एकटी होते, आणि तिचा अर्थ मी चोरी असा लावला.

मी नंतर डॉक्टरांना एकटी जाऊन भेटले. दिवाळीच्या सुमारास कळलं असतं तर? ते म्हणाले, आता त्याचा विचार करू नका. हे उत्तर नाही. हो म्हणाले असते तरी चाललं असतं, नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. हे मला जन्मभर पुरणार आहे.

मे महिन्यात मुंबईला हॉस्पिटलात भेटायला आले तेव्हा तुझं बोलणं जड झालं होतं. अम्मी खाली औषधं आणायला गेली होती. तू मध्येच म्हणालास, "वैशे, एक विचारू? खरं सांग. त्या दिवशी तुला नाही ना वाटलं, मी मुद्दाम केलं?" तू माझ्याकडे बघतच नव्हतास, पंख्याकडे बघत होतास. मी म्हटलं, "येडा झालायस काय? मी ओळखत नाही तुला?" तू म्हणालास, "मग बस." आणि डोळे मिटलेस. तुझ्या तोंडावर इतकं समाधान होतं की मला खोलीतून उठून जावंसं वाटलं. उठले नाही. तुझा तो उजवा हात हातात घेऊन बसले. तुला तो धरलेला कळतही नव्हता.

तू गेलास त्या दिवशी मी आत बायकांत बसले. मर्दमाणसं तुला घेऊन गेली, आम्ही उंबऱ्यापर्यंतच. अम्मीने माझा हात सोडला नाही. आठवड्याने पुन्हा गेले तर तिने मला सांदणं वाढली आणि म्हणाली, "तू जज हायस ना. तू लिव त्यांना. माजा पोर चोर नव्हता. त्याचा नाव साफ करून दे, मंग मना काय नको." आणि म्हणाली, "तो रोज बोलायचा, वैशालीनं माझ्यासाठी भांडून बघितला आसंल, त्यांनी तिचा ऐकला नसंल." मी सांदण गिळलं.

पत्र लिहायला आठ दिवस लागले. तुझं नाव साफ करायचं तर ती ओळ खोटी होती असं लिहायला हवं, आणि ती खोटी होती असं लिहायचं तर कुणी लिहिली हे सांगायला हवं. दुसरा रस्ता नव्हता. मी सगळं लिहिलं, चौथ्या राउंडच्या कार्डासकट. मला ह्यापुढे जज ठेवू नका असंही लिहिलं. पाठवून दिलं.

तिथे थांबायचं होतं. आम्हाला शिकवतात, चूक लगेच सापडली तर डाव मागे नेऊन दुरुस्त करा. मध्ये बरंच घडून गेलं असेल तर हात लावू नका, आहे तिथून पुढे खेळू द्या, मागे नेताना आणखी मोडतोड होते. हे मला पाठ आहे. मी परीक्षेत ह्याचं उत्तर बरोबर लिहिलंय. तरी गेल्या गुरुवारी प्रिंट काढून मी रेवदंड्याला गेले. मला वाटलं, अम्मीला तरी सांगायला हवं. तुला नाही सांगू शकले तर निदान तिला. खरं तर मला कुणीतरी शिव्या द्यायला हव्या होत्या.

दुपार होती. अम्मी खोबरं खवत बसली होती. मी म्हटलं, पत्र लिहिलंय, वाचून दाखवते. तिने हात पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि नीट सरसावून बसली. मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. ती ओळ आली तेव्हाही थांबले नाही.

तिने खोबऱ्याची वाटी बाजूला सरकवली. मग तिने विचारलं, "त्याला म्हाईत होता?"

"नाही. त्याने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

"म्हंजे जाईपर्यंत त्याला वाटत होता, तू त्याच्या बाजूची हायस."

"हो."

"मना पन वाटत होता," अम्मी म्हणाली. "मी तेवढाच धरून बसले होते ग. सगळी दुनिया काय पन बोलूदे, एक वैशाली माझ्या पोराला वळखते." तिने कागद माझ्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि परत माझ्या हातात दिला. "तू त्यांना लिवलास तो बरोबर केलास. मना कशाला सांगितलास?"

ती पुन्हा खोबरं खवायला बसली, आणि मी अजून तिथे आहे का हे तिने पुन्हा बघितलं नाही. मी चपला घालून निघाले.

काल त्यांचं उत्तर आलं. तुझ्या नावावरची ती नोंद काढून टाकली आहे, खेळाडूने जाणूनबुजून काही केल्याचं दिसत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. तुझं नाव साफ झालंय, नदीम. हे ऐकायचं होतं ते दोघांनाच. त्यातला तू नाहीस, आणि दुसरीच्या दारात उभं राहायला मला तोंड उरलेलं नाही.